सोल्डरिंग आयर्नचं बिट काळं पडलं, सोल्डर धरेना: माझा अनुभव

आयर्न व्यवस्थित तापायचं, पण सोल्डर (वितळवून जोड द्यायचा धातू) बिटाला, म्हणजे आयर्नच्या टोकाला, चिकटायचंच नाही. गोळी होऊन घरंगळायचं. टोक तव्याच्या बुडासारखं काळं.

आधी पॉलिश पेपर मारला. दोन जोड होईतो पुन्हा तेच. जुनं एक बिट तर कानशीने घासून कायमचं घालवलं. आत तांबं, वर लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की सोल्डर तांबं खातं आणि टोकाला खड्डा पडतो. मुंबईच्या दमट हवेला शिव्या घालण्यात दोन रविवार गेले. खरं कारण वेगळंच: सोल्डरिंग स्टेशन (आयर्नचं तापमान ठरवणारा डबा) ४५० अंश सेल्सिअसवर तासन्‌तास चालू.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पितळी तारांचा गोळा, रोझिनची (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरायची राळ) डबी आणि रोझिन भरलेलं ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर आणलं.

तापमान आधी २५० अंशांवर आणलं. बिट पितळी गोळ्यात सात-आठ वेळा खुपसलं, लगेच रोझिनमध्ये टेकवलं आणि धूर असतानाच टोकावर सोल्डर वितळवलं. मग झटकून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एक चंदेरी ठिपका दिसला. दहाव्या फेरीपर्यंत सगळं टोक चकाकलं. (खिडकी उघडी ठेवा, धूर घशाला लागतो.)

आता काम ३३० अंशांवर करतो. बंद करताना बिट पुसत नाही, उलट टोकावर सोल्डरचा जाड थेंब चढवतो आणि मगच स्विच बंद. पूर्वी मी ते पुसून चकाचक करून ठेवायचो, तिथेच फसत होतो.