डॉसन सिटीला जायचंय? आधी महिना ठरवा

व्हँकुव्हर-टोरंटोला मुलांकडे जाणारे आपले बरेच जण नायगारा आणि बॅन्फ बघून परत येतात. इतिहासाची ओढ असलेल्यांनी एकदा नकाशावर बोट आणखी वर सरकवावं. कॅनडाच्या वायव्येला, युकॉन प्रदेशात, युकॉन आणि क्लोंडाइक या नद्यांच्या संगमावर डॉसन सिटी आहे. १६ ऑगस्ट १८९६ रोजी जवळच्या एका ओढ्यात सोनं सापडलं आणि दोनच वर्षांत इथली वस्ती तीस हजारांवर गेली. आज गावात दोन हजारांच्या आतबाहेर माणसं राहतात, पण गाव जिवंत आहे आणि आसपासच्या ओढ्यांवर अजूनही सोनं काढलं जातं.

पहिली पायरी: महिना

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच जा. थंडीत पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो आणि पर्यटकांसाठीच्या बऱ्याच जागा बंद असतात. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी लागते. मी ऑगस्टची अखेर सुचवेन: डोंगर लाल-पिवळे होऊ लागतात, डास कमी होतात आणि अंधार परतल्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसण्याची आशा असते. ऑगस्टचा तिसरा सोमवार सोन्याच्या शोधाचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या सुमाराला जायचं तर खोली फार आधी धरा.

दुसरी पायरी: रस्ता

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच. व्हँकुव्हरहून विमानाने व्हाइटहॉर्स आणि तिथून गाडीने साधारण ५३० किलोमीटर. हा पल्ला एका दिवसात होतो, पण घाई करू नका. वाटेत कारमॅक्स, पेली क्रॉसिंग, स्टुअर्ट क्रॉसिंग अशी मोजकीच ठिकाणं आहेत, त्यामुळे पेट्रोल दिसेल तिथे भरा. मोबाइलला लांबच लांब रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. शाकाहारी असाल तर किराणा व्हाइटहॉर्सलाच घ्या आणि चटणी-मेतकूट सोबत असू द्या.

पलीकडे अलास्काला उतरायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो. त्या वाटेवरची सीमाचौकी फक्त उन्हाळ्यात, दिवसा उघडी असते. तो रस्ता बराचसा खडीचा आहे, म्हणून भाड्याच्या गाडीच्या करारात खडीच्या रस्त्याला परवानगी आहे का, ते वाचून घ्या.

तिसरी पायरी: तीन रात्री, आणि सुरुवात मूळ रहिवाशांपासून

बहुतेक जण थेट जुगारघर आणि जुनं नाट्यगृह गाठतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिली सकाळ नदीकाठच्या डानोजा झो सांस्कृतिक केंद्राला द्या. ही भूमी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची. 'क्लोंडाइक' हा शब्दही 'ट्रॉन्डेक'चाच अपभ्रंश. सोन्यामागे आलेल्या गर्दीने त्यांची मासेमारीची जागा हिरावली, तेव्हा त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी लोकांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला हलवलं आणि आपली गाणी व नृत्यं अलास्कातल्या नातलगांकडे जपायला सोपवली. पुढे ती परत आली. हे ऐकलं की गावातल्या प्रत्येक जुन्या इमारतीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. २०२३ साली युनेस्कोने ट्रॉन्डेक-क्लोंडाइकला जागतिक वारसा ठरवलं, त्यातही ही कहाणी मध्यवर्ती आहे.

दुपारी पायी फिरा. रस्ते मातीचे, पदपथ लाकडी फळ्यांचे. थर्ड अॅव्हेन्यूवर एकमेकांवर रेललेल्या इमारती दिसतील. खालची जमीन कायम गोठलेली असते, घराच्या उबेने ती वितळते आणि घर खचतं.

चौथी पायरी: ओढा

दुसऱ्या दिवशी बोनान्झा क्रीक, म्हणजे १८९६ साली सोनं सापडलं तो ओढा. वाटेत चार नंबरचं ड्रेज लागतं: लाकडी तळाचं, अनेक मजली उंच, ओढ्याचा तळ बादल्यांनी उपसणारं अवाढव्य तरंगतं यंत्र. आत मार्गदर्शकाबरोबरच जा. या यंत्राने मागे टाकलेले खडीचे ढीग दरीभर पसरलेले आहेत.

पुढे सहा नंबरच्या क्लेमवर, म्हणजे सोनं काढण्यासाठी नोंदवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, पर्यटकांना सोनं मोफत धुता येतं. इतर ओढ्यांवर परस्पर हात घालू नका, ते कुणाचे तरी नोंदणीकृत हक्क असतात. पॅन, म्हणजे उथळ ताटली, गावातून न्या. तिच्यात रेती घ्या, पाण्याखाली धरून जोरात हलवा, मग ताटली किंचित कलती करून वरची रेती पाण्याबरोबर जाऊ द्या. तांदूळ रोळलेल्या हाताला हे लगेच जमतं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, म्हणून ते तळाशीच राहतं. शेवटी चिमूटभर काळी वाळू उरते, तिच्यात नखाएवढाही नसलेला पिवळा ठिपका शोधायचा. सराफांच्या दुकानांतली माती धुणारे आपले झारेकरी हेच करत आले. पाणी हाडं गारठवणारं असतं, तेव्हा रबरी हातमोजे विसरू नका.

शेवटची संध्याकाळ

गाडीने गावामागच्या मिडनाइट डोम या डोंगरावर चढा. खाली गढूळ युकॉनला क्लोंडाइकचं स्वच्छ पाणी मिळताना दिसतं आणि काही अंतर दोन रंग शेजारी वाहतात. ऑगस्टमध्येही वर वारा बोचरा असतो, म्हणून जाकीट गाडीत असू द्या आणि निदान तासभर तरी थांबा.