परसातला जुना आंबा: शेंडे नकोत, मधली फांदी काढा

पाऊस सरला, साल कोरडी झाली, पण जमिनीत अजून ओल आहे. कोकणात घराशेजारच्या जुन्या आंब्याच्या जाड फांद्या उतरवायला ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरअखेर हाच काळ चांगला. कापलेल्या फांदीवर यंदा मोहोर नाही, हे धरूनच चालायचे. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची किरकोळ छाटणी मात्र फळे उतरल्यावर लगेच, पाऊस लागण्याआधी करावी, म्हणजे नवी पालवी हिवाळ्यापर्यंत जून होते. मोहोर येतो तो जून काडीच्या शेंड्याला. दिवाळीआधी झाड देखणे दिसावे म्हणून चारी बाजूंनी शेंडे छाटून गोल केलेला आंबा त्या वर्षी नुसती पानेच दाखवतो.

फांदी कौलांवर पडेल या धास्तीने अनेकजण एकाच दिवशी सगळे झाड निम्म्यावर आणतात. असे मुंडण केले की वर्षानुवर्षे सावलीत असलेली साल उन्हात भाजून तडकते आणि त्या भेगांतून भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरते. खुंटांवर धुमाऱ्यांचे, म्हणजे नव्या कोंबांचे, झुबके फुटतात. ते सालीलगतच चिकटलेले असल्याने दोन-तीन वर्षांत जड झाले की वादळात सोलून निघतात. ज्या भीतीने झाड तोडले, तीच पुन्हा दारात. मोठे झाड दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवावे आणि एका वर्षात पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही मर्यादा ठेवावी.

सुरुवात करवत हातात न घेता करा. भर दुपारी खोडाशी उभे राहून वर पाहा. जमिनीवर उन्हाचा एकही कवडसा नसेल, तर झाडाचे पोट बंद आहे. आत वारा खेळत नाही, तुडतुडे तिथेच दडतात आणि करपा वाढतो. आधी वाळलेल्या फांद्या काढा. मग बांडगूळ; ते नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते, म्हणून ते जिथे चिकटले आहे तिथून खाली दीड फुटावर फांदी कापावी. नंतर एकमेकींवर घासणाऱ्या दोहोंपैकी कमजोर फांदी. सर्वांत शेवटी मधोमध सरळ वर गेलेली एखादी जाड फांदी बुडापासून काढा. एवढ्या एका कापाने झाडाची उंची आणि अंधार दोन्ही उतरतात. छपरावर आलेली फांदी अधांतरी तोडू नका. तिच्या निदान एक तृतीयांश जाडीची बगलफांदी जिथे फुटली आहे, तिथपर्यंत मागे आणा.

जाड फांदी एका घावात कापली तर ती पडताना खोडाची साल हातभर ओढून नेते. म्हणून काप तीन. बुडापासून फूटभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा करवत चालवा. त्याच्या पुढे दोन-तीन इंचांवर वरून कापून फांदी उतरवा, अर्थात ती आधी दोराने बांधलेली हवी. उरलेला खुंट शेवटी काढा. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची सुरकुतलेली वळी दिसते. काप त्या वळीच्या अगदी बाहेरून घ्या. वळी कापली तर जखम भरत नाही, आणि बाहेर खुंट ठेवला तर तो कुजत खोडात उतरतो. कोयता इथे नकोच, त्याने जखम ठेचली जाते. चीक कातडी भाजतो, म्हणून हाताला खोबरेल चोळा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

त्याच दिवशी जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावावी. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून एकत्र ढवळा. लोखंडी चाकूचे पाते मिनिटभर त्यात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, थोडा आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची. नव्याने उन्हात आलेल्या फांद्यांना चुन्याचा पातळ हात द्या.

पुढचे काम सहसा राहून जाते, ते विरळणीचे. धुमारे वीतभर झाले की प्रत्येक कापाशी बाहेरच्या दिशेचे तीन-चार ठेवून बाकीचे काढा. ही विरळणी चार महिन्यांनी पुन्हा एकदा करा. खोडाशी भुसा सांडलेला दिसला तर ते भिरूड. छिद्रात तारेचा आकडा घालून अळी ओढून काढावी आणि छिद्र चिखलाने लिंपावे.

शहर हद्दीत फांद्या तोडण्याआधी नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या. विजेची तार फांद्यांतून जात असेल, तर पुरवठा बंद झाल्याखेरीज कुणालाही झाडावर चढवू नका. ओली फांदी वीज वाहून नेते.