हिवाळी रेतनापूर्वी वळूची निवड : दुधाबरोबर कासेचे आरोग्यही पाहावे

पावसाळा ओसरून ऑक्टोबरची उष्णता कमी झाली की संकरित गायींचा माज अधिक स्पष्ट दिसू लागतो आणि गोठ्यांत कृत्रिम रेतनाची लगबग सुरू होते. आज भरवलेल्या गायीची कालवड स्वतः विऊन दुधात येईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ जातो. त्यामुळे कोणत्या वळूची रेतकांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) वापरायची हे माज दिसल्यावर घाईने नव्हे, तर आताच ठरवावे.

बहुतेक ठिकाणी त्या वेळी एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे वळूच्या आईचे दूध किती. हा प्रश्न अपुरा आहे. गायीगायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातील साधारण २५ ते ३० टक्के वाटा आनुवंशिक असतो. कासदाहाच्या (दगडीच्या, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराच्या) बाबतीत हा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के, तर वेळेवर गाभण राहण्याच्या बाबतीत ५ टक्क्यांहूनही कमी भरतो, आणि उरलेला सगळा फरक चारा, गोठ्याची स्वच्छता व धार काढण्याची पद्धत यांतून येतो. त्यातच अधिक दूध आणि कासदाह यांचा आनुवंशिक संबंध प्रतिकूल आहे. केवळ दूध पाहून वळू निवडत गेल्यास पुढच्या पिढ्यांत दगडीकडे कल वाढतो.

मात्र आनुवंशिक वाटा लहान आहे, म्हणून वंशातून आरोग्य सुधारत नाही, असा निष्कर्ष काढू नये. नॉर्वेमध्ये १९७५ पासून गायीवरील उपचार तिच्या आरोग्यपत्रकावर नोंदवले जातात आणि १९७८ पासून नॉर्वेजियन रेड जातीच्या वळूंच्या मूल्यमापनात कासदाह धरला जातो. एका गायीला दगडी झाली की नाही, यावरून तिच्या वंशाबद्दल फारसे कळत नाही. परंतु एकाच वळूच्या वेगवेगळ्या गोठ्यांतील दोनशेहून अधिक मुलींच्या नोंदी एकत्र आल्या की गोठ्यांचे फरक विरून जातात आणि वळूकडून आलेला भाग वेगळा दिसू लागतो. तेथे दुधाची निवड न सोडता कासदाहाविरुद्धची प्रतिकारक्षमता वाढवता आली, ती या चिकाटीच्या नोंदींमुळेच.

आपल्याकडे देशी व संकरित गोवंशाच्या जनुकीय निवडीसाठी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे ‘गौ चिप’चे (गायीच्या डीएनएमधील खुणा वाचणाऱ्या चिपचे) लोकार्पण झाले. तरीही चिपवरील खुणांचा अर्थ प्रत्यक्ष दूध व आजारांच्या नोंदींशी ताडूनच लावता येतो. गोठ्यातील वही म्हणूनच अनावश्यक ठरलेली नाही, उलट तिचे मोल वाढले आहे.

रेतन करणाऱ्याकडे वळूच्या मुलींच्या दुधाची किंवा पैदासमूल्याची (संततीत उतरणाऱ्या गुणांच्या अंदाजाची) माहिती आवर्जून मागावी. होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीच्या वा तिच्या संकरित वळूची आनुवंशिक रोगांसाठी तपासणी झाली आहे का, हेही विचारावे. कांडीवर छापलेला वळू क्रमांक गायीच्या कानातील बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकासमोर लिहून ठेवावा. तो लिहिला नाही, तर काही वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला वापरली जाण्याचा धोका राहतो, आणि अशा संबंधातून जन्मणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचे (जवळच्या नात्यातील पैदाशीचे) प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत जाते.

लिंगनिश्चित रेतकांडी (जिच्यातून बहुतांश कालवडीच जन्मतात) महाग असते आणि तिने गाभण राहण्याचे प्रमाणही साध्या कांडीपेक्षा कमी असते. ती केवळ जास्त दुधाच्या गायीला न वापरता, ज्या गायीची कास आतापर्यंत निरोगी राहिली आणि जी वेळेवर गाभण राहते, अशा गायीसाठी राखावी. प्रत्येक वेतात दगडी होणाऱ्या गायीची कालवड गोठ्यात ठेवण्यापूर्वी, दूध कितीही असले तरी, पुन्हा विचार करावा.

दगडी झाल्यास तारीख, कितवे वेत, कोणता सड आणि कोणता उपचार एवढे चार तपशील त्याच दिवशी लिहावेत. रेतनाची तारीख, उलटलेल्या (रेतनानंतर पुन्हा आलेल्या) माजाची तारीख व गर्भतपासणीचा निकाल त्याच पानावर ठेवावा आणि पशुवैद्यक गोठ्यात आल्यावर या नोंदी बिल्ल्याच्या क्रमांकावर ऑनलाइन चढवून घ्याव्यात.