माल कुठे जड होतो, कुठे हलका: स्थान सिद्धांत नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आर्थिक भूगोल नवीन घेतलेले बरेच जण विचारतात की थ्युनेनची वर्तुळं (शहराभोवती किती लांब काय पिकवायचं) आणि वेबरचा त्रिकोण (कच्चा माल आणि बाजार यांच्यामध्ये कारखाना कुठे टाकायचा) नुसते पाठ करायचे का, पुढे नोकरीत त्याचं काय होतं. मी हा विषय शिकले आणि नंतर काही वर्षं गोदामं आणि कारखाने कुठे टाकायचे हे ठरवणाऱ्या टीममध्ये काम केलं, त्यात जे मला उशिरा कळलं ते लिहून ठेवतेय, तुम्हाला लवकर कळावं म्हणून.

पहिल्या असाइनमेंटमध्ये मला एक खाण, एक शहर आणि मधे 100 किलोमीटरचा रस्ता दिला होता, कारखाना कुठे ते सांगायचं होतं. मी नकाशावर मधोमध टिंब दिलं, दोघांनाही जवळ. सरांनी एवढंच विचारलं, एक टन पक्का माल करायला कच्चा किती लागतो? मी ते बघितलंच नव्हतं, आकडा प्रश्नातच होता, 3 टन. मग त्यांनी मला तिथेच कागदावर बसवलं. कारखाना खाणीपाशी टाकला तर 1 टन 100 किलोमीटर न्यायचा, म्हणजे 100 टन-किलोमीटर. शहरात टाकला तर 3 टन न्यायचे, 300. मधोमध 200. इथपर्यंत मला वाटलं ठीक आहे, मधलं उत्तर मधलंच येणार. पण मग ते म्हणाले, आता माल किती वेळा चढवला-उतरवला ते मोज. खाणीपाशी 1 टन एकदा, शहरात 3 टन एकदा, आणि मधोमध आधी 3 टन आणि मग परत 1 टन, म्हणजे 4. म्हणजे हमालीच्या हिशोबात माझी मधली जागा सगळ्यात महाग निघाली! तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबरने 1909 मध्ये मांडलेली गोष्ट मुळात हीच आहे, प्रक्रियेत वजन घटत असेल तर कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो आणि वजन वाढत असेल तर गिऱ्हाइकाकडे. तांब्याच्या बऱ्याच खाणींमध्ये दगडात 1 टक्कासुद्धा तांबं नसतं, म्हणून तो दगड खाणीजवळच दळून त्यातला तांब्याचा भाग वेगळा काढतात, 100 टन दगड कोण वाहून नेणार. 100 टन उसातून साखर साधारण 10-11 टन निघते, शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो, म्हणून साखर कारखाना उसाच्या शेतांच्या मधेच असतो. उलट बाटलीबंद पेयांत मुख्य वजन पाण्याचं, आणि पाणी बहुतेक सगळीकडे मिळतं, म्हणून बाटल्या शहराजवळ भरायच्या. ॲल्युमिनियमचं मात्र वेगळं आहे, तिथे वीज इतकी लागते की आइसलँडमध्ये बॉक्साइट (ॲल्युमिनियमचा कच्चा दगड) नसताना बाहेरून जहाजाने ॲल्युमिना (त्या दगडापासून केलेली पूड) आणून धातू गाळतात, कारण तिथे वीज स्वस्त आहे. म्हणून कुठलाही उद्योग समोर आला की आधी विचारा, यात न्यायला सगळ्यात महाग काय पडतं?

शेतीकडे येऊ. योहान हाइनरिख फॉन थ्युनेन हा नुसता पुस्तकी माणूस नव्हता, जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये टेलो नावाची त्याची स्वतःची इस्टेट होती, तिचे वर्षानुवर्षांचे हिशोब त्याने ठेवले आणि त्यावरून 1826 मध्ये सिद्धांत मांडला. मला वर्तुळं पाठ होती पण दुसऱ्या वर्तुळात जंगल का हे खूप दिवस कळत नव्हतं. शहराला चिकटून दूध-भाजीपाला ठीक, नासतो. पण त्यानंतर लगेच झाडं? मग लक्षात आलं की तेव्हा चूल आणि शेकोटी लाकडावरच चालायची, आणि लाकूड म्हणजे वजन भरपूर आणि पैसे कमी, लांबून आणलं तर गाडीभाड्यातच सगळं जातं. धान्य त्याच्या बाहेर, आणि जनावरं सगळ्यात लांब, कारण जनावर स्वतःच्या पायांनी बाजारात येतं, त्याला गाडी लागत नाही. आणि त्याच्या हिशोबातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, धान्याची गाडी ओढणारे घोडे वाटेत धान्यच खातात, म्हणजे एका अंतरानंतर गाडीतलं धान्य बाजारात पोचायच्या आधीच संपणार. शहरापासून लांब जाल तसा जमिनीचा खंड का उतरतो हे त्या घोड्यांवरून जेवढं कळतं तेवढं सूत्रावरून कळत नाही.

आता ही वर्तुळं वाहतुकीच्या भाड्यावर उभी आहेत म्हटल्यावर भाडं बदललं की ती सरकणारच. 1825 मध्ये अमेरिकेत ईरी कालवा सुरू झाला, हडसन नदीपासून ईरी सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत सुमारे 584 किलोमीटर, आणि बफेलो ते न्यूयॉर्क एका टनाचं भाडं साधारण 100 डॉलरवरून 10 डॉलरच्या आसपास आलं. पश्चिमेकडचा गहू स्वस्तात यायला लागला तसा अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला गहू परवडेना, तो दूध-लोण्याकडे वळला. त्याची जमीन तीच होती, पाऊस तोच होता. तसंच 1882 मध्ये डनिडिन नावाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं, तोपर्यंत तिथल्या मेंढपाळाला एवढ्या लांब मुख्यतः लोकर आणि चरबीच पाठवता येत होती.

बफेलोवर जरा थांबा, शहर कसं बनतं ते तिथे छान दिसतं. सरोवरातून मोठ्या जहाजाने धान्य यायचं, पुढे कालव्याच्या छोट्या बोटीत भरायचं, म्हणजे तिथे माल उतरवावाच लागायचा. आधी माणसं पाठीवरून वाहायची, 1842 मध्ये जोसेफ डार्टने तिथे वाफेवर चालणारा धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे जहाजातलं धान्य उचलून कोठारात टाकणारं यंत्र, उभा केला. आणि माल उतरतोच आहे तर तिथेच साठवा, तिथेच दळा, तिथेच विका, मग सावकार, विमा, दुरुस्ती सगळं मागोमाग येतं. पण 1959 मध्ये समुद्र आणि सरोवरं जोडणारा सेंट लॉरेन्स सीवे हा जलमार्ग खुला झाला, समुद्रातली मोठी जहाजं थेट सरोवरांत जायला लागली, माल बफेलोला उतरवायची गरज उरली नाही आणि तिथला धान्याचा धंदा खचत गेला.

चढवण्या-उतरवण्यात किती जातं हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते मालधक्क्यावर. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला घड्याळ आणि वही घेऊन एका ट्रकचा पूर्ण दिवस लिहून काढायला सांगितलं होतं. ट्रक रस्त्यावर होता 2 तास, आणि रांग, वजनकाटा, भरणं, उतरवणं, कागद यात 7 तास उभा. संध्याकाळी तो रिकामा परत निघाला, म्हणजे परतीचं डिझेलही जाणाऱ्या मालावरच पडलं. तेव्हापासून कोणी नुसते किलोमीटर सांगितले की मी परतीचं भाडं मिळतं का ते आधी विचारते. ट्रकला चढउताराचा खर्च कमी पण दर किलोमीटरला जास्त, जहाजाचं बरोबर उलटं आणि रेल्वे मधे, म्हणून जवळच्याला ट्रक आणि लांबच्याला जहाज परवडतं.

कंटेनरने घाव घातला तो या उभं राहण्यावरच. 26 एप्रिल 1956 ला आयडियल एक्स हे जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला 58 कंटेनर घेऊन निघालं. जहाजाचा वेग तोच होता, धक्क्यावरचा वेळ मात्र गेला. पुढे लंडनच्या नदीतल्या जुन्या गोद्या 1981 पर्यंत एकेक करून बंद पडल्या, आणि फेलिक्स्टो, जिथे मोकळी जागा आणि खोल पाणी होतं, ते ब्रिटनचं सर्वात मोठं कंटेनर बंदर झालं.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढून टाका, वाहतूक स्वस्त झाली की उद्योग सगळीकडे सारखे पसरतात असं नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमनने 1991 मध्ये दाखवलं की भाडं पुरेसं उतरलं की उद्योग उलट एका जागी गोळा होऊ शकतात, कारण मग एकाच मोठ्या कारखान्यातून लांबचा बाजारही भागवता येतो आणि कारखाना टाकायचाच तर मोठ्या बाजाराजवळ टाकतात. नवीन रस्ता मागास भागात जातो तेव्हा त्याच रस्त्याने मोठ्या शहराचा मालही तिथे येतो आणि तिथला छोटा कारखानदार मरू शकतो, रस्त्याच्या प्रकल्पांवर काम करणार असाल तर त्याचा विचार आधी करा. आणि भाडं कागदावर पुसून टाकलं तरी जागा हलते, भारतात भाडे समानीकरणामुळे, म्हणजे वाहतुकीचं भाडं सगळ्यांवर सारखं वाटल्यामुळे, पोलाद अनेक दशकं सगळीकडे साधारण एकाच दरात मिळायचं, त्यात खाणी असलेल्या पूर्वेकडच्या राज्यांचा जवळ असण्याचा फायदा गेला. मला हे अन्यायाचं वाटतं, आजही.

सुरुवात करताना कुठलीही एक वस्तू घ्या, ती कुठून कुठे आली, वाटेत कितीदा उतरली, प्रत्येक टप्प्यावर तिचं वजन किती होतं आणि गाडी परत भरून गेली की रिकामी, एवढं एका पानावर लिहा. अशी दहा-बारा पानं झाली की मग वेबरचा त्रिकोण उघडा.