पुढच्या ब्रेकमधून खर्र खर्र येतंय? मी केलेल्या या चुका तुम्ही टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक दाबला की चूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दर मिनिटाला ब्रेक मारावा लागतो, त्यामुळे आवाज काही कमी वेळा ऐकला नाही, पण पाऊस आहे, ओलं आहे, जाईल आपोआप असं म्हणत मी तीन आठवडे काढले आणि वर गाण्यांचा आवाज वाढवला, ही चूक नंबर एक.

हा चूं आवाज मुद्दाम दिलेला असतो. ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड आवळतात. बऱ्याच पॅडच्या पाठीला पत्र्याची छोटी जीभ असते, मटेरियल झिजून साधारण दोन-तीन मिलीमीटर उरलं की ती डिस्कला घासून ओरडते. नवं पॅड दहा-बारा मिलीमीटरचं असतं म्हणजे बघा, तोवर बहुतेक सगळं संपलेलं असतं. त्यानंतरचा आवाज म्हणजे खर्र, पिठाच्या गिरणीत खडा गेल्यासारखा, तेव्हा पॅडची लोखंडी पाठच डिस्कला घासत असते. चूंला गेलात तर फक्त पॅडचा खर्च, खर्रपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा डिस्कचा पण.

शेवटी एका गॅरेजला गेलो. तिथल्या मिस्त्रीने चाक न काढता अलॉय व्हीलच्या फटीतून मोबाईलची बॅटरी मारली आणि म्हणाला, "साहेब, पाच एमएम आहे, अजून सहा महिने बघायला नको." मी पण खूश, पैसे वाचले. दोन आठवड्यांनी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना खर्रर्र सुरू झालं आणि पेडलमधून पायाला थरथर जाणवली. त्या उतारावर मागे ट्रक असताना काय वाटतं ते विचारू नका.

दुसऱ्या गॅरेजमध्ये चाक काढलं. बाहेरचं पॅड खरंच पाच एमएम होतं, आतल्या बाजूचं मात्र नुसता लोखंडी पत्रा, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा! कारण असं की बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन (ब्रेक ऑईलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतलं पॅड दाबतो आणि मग अख्खं कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा चिमटा) दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतं. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. माझ्या एका पिनेचा रबरी बूट (पाणी-धूळ अडवणारं टोपण) फाटला होता, आत पाणी गेलेलं, ग्रीस सुकून गुळाच्या ढेपेसारखं घट्ट. पिन हाताने फिरतच नव्हती, पान्याने ओढून काढावी लागली. तेव्हा फटीतून बघून निर्धास्त होऊ नका, चाक काढायला लावा आणि आतलं पॅड स्वतः बघा. अजून एक सोपी खूण, थोडं फिरून आल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन बघा (डिस्कला अजिबात लावू नका, भाजेल), एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथे काहीतरी जाम आहे.

उलट बाजूची चूक म्हणजे प्रत्येक आवाजाला पॅड बदलणं. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखरते, तो डिस्कवरचा गंज, आपोआप जातो. ब्रेक न दाबताही सतत घासल्यासारखं येत असेल तर बऱ्याचदा डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय किंवा खड्ड्यात आपटून पत्रा वाकलाय, तो सरळ केला की काम झालं. वेगासोबत वाढणारा आणि वळणावर बदलणारा घूंऽऽ असेल तर बहुतेक चाकाचं बेअरिंग गेलंय. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल धडधडलं तर ते एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, त्याला काही करू नका.

डिस्कवर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे) मारणारे महाभाग पण बघितलेत मी. आवाज जातो हो, ब्रेक पण जातो.

पॅड घरी बदलणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाकाजवळ बसू नका, खाली स्टँड लावा. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑईलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. नव्या जाड पॅडला जागा करायला पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑईलच्या टाकीकडे लक्ष ठेवा, ऑईल वर येतं आणि बॉडीवर सांडलं की पेंट खातं. पिनांना साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं ते घ्या, आणि फाटलेला बूट त्याच वेळी बदला. पॅड कायम दोन्ही चाकांची जोडीने बदला. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, रेघा पडलेली डिस्क लेथवर घासून सपाट करताना त्या आकड्याखाली जात असेल तर नवीच घ्या. माझी जातच होती, नाना पेठेतून दोन डिस्क आणल्या.

आणि सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला ब्रेक थेट तळाला जातो, आमच्या सोसायटीत एकाने असंच रिव्हर्स घेऊन पार्किंगचा खांब गाठलाय. नंतर नवी पॅड डिस्कवर नीट बसावीत म्हणून मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या स्पीडवरून हळू दहापर्यंत, असं वीस-पंचवीस वेळा, मध्ये थंड होऊ देत. मी हे रविवारी पहाटे केलं, पहिल्या दिवशी थोडा जळका वास आला, मग गेला.