पीएचपीमधील नेस्टेड ॲरे : आधी रचना, मग कोड

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एका ॲरेत, म्हणजे की (ओळखखूण) आणि व्हॅल्यू (माहिती) यांच्या जोड्यांच्या तक्त्यात, दुसरा ॲरे आणि त्याच्या आत आणखी एक ॲरे ठेवणे अगदी सोपे आहे; यालाच नेस्टेड ॲरे म्हणतात. डेटाबेसमधून आलेल्या नोंदी, फॉर्ममधून आलेली माहिती किंवा एखाद्या एपीआयचे (दुसऱ्या प्रोग्रामकडे माहिती मागण्याच्या दुव्याचे) उत्तर बहुधा याच रूपात हाती येते. असा ॲरे तयार करताना सहसा अडचण येत नाही. ती येते त्यातली माहिती वाचताना, बदलताना आणि दुसऱ्या ॲरेशी जोडताना. माझ्या मते या बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते, ते म्हणजे कोणत्या पातळीवरची की काय दर्शवते हे कोड लिहिण्यापूर्वी निश्चित केलेले नसते. म्हणून या लेखात प्रत्येक क्रिया पातळ्यांच्या भाषेतच समजावून सांगितली आहे.

पीएचपीत व्हेरिएबलचे नाव देवनागरीत चालते, त्यामुळे उदाहरणे तशीच लिहिली आहेत. कोडमधले अंक मात्र 0 ते 9 याच रूपात लिहावे लागतात. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संपूर्ण लेखात पुढील एकच ॲरे वापरला आहे.

$निकाल = [
    17 => [
        'नाव' => 'मीरा',
        'गुण' => ['गणित' => [18, 61], 'विज्ञान' => [16, 54]],
    ],
    23 => [
        'नाव' => 'सलील',
        'गुण' => ['गणित' => [12, 47]],
    ],
];

पातळ्या आणि त्यांचे प्रकार

वरील ॲरेत चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरची की म्हणजे हजेरी क्रमांक. दुसऱ्या पातळीवर 'नाव' आणि 'गुण' या ठरलेल्या दोन की आहेत. 'गुण' च्या आत विषयाचे नाव हीच की असून कोणाच्या नोंदीत कोणते विषय असतील हे ठरलेले नाही. शेवटच्या पातळीवर दोन आकडे आहेत, त्यांपैकी 0 या स्थानावर अंतर्गत गुण आणि 1 या स्थानावर लेखी गुण.

पीएचपीच्या दृष्टीने हे सगळे एकाच जातीचे ॲरे आहेत, कारण तिथला ॲरे म्हणजे क्रम राखणारा की आणि व्हॅल्यू यांचा तक्ता असतो. आपल्या दृष्टीने मात्र हे तीन वेगळे प्रकार आहेत. जिथे की हीच ओळख असते (हजेरी क्रमांक, विषय) तिथे लूप (प्रत्येक घटकासाठी तीच कृती पुन्हा करणारा कोड) फिरवायचा असतो. जिथे की ठरलेली असते तिथे लूप न फिरवता व्हॅल्यू नावाने उचलायची असते. जिथे केवळ क्रम महत्त्वाचा असतो तिथे ती यादी असते, आणि यादीतले सर्व घटक एकाच अर्थाचे असायला हवेत. या कसोटीवर आपल्या उदाहरणातली चौथी पातळी कच्ची ठरते, कारण 18 आणि 61 हे एकाच अर्थाचे आकडे नाहीत. तिथे 'अंतर्गत' आणि 'लेखी' अशा की असत्या, तर सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला 1 म्हणजे काय हे शोधत बसावे लागले नसते. बाहेरून आलेल्या माहितीत अशा जोड्या नेहमीच आढळतात, म्हणून येथे त्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत.

वाचणे

एखाद्या व्हॅल्यूपर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्येक पातळीसाठी एक चौकटी कंस लागतो.

$लेखी = $निकाल[17]['गुण']['गणित'][1];

यातून 61 मिळतात. जोडीतले दोन्ही आकडे हवे असतील तर ते एकाच ओळीत वेगळे करता येतात, आणि त्याच ओळीत त्यांना अर्थपूर्ण नावेही मिळतात.

[$अंतर्गत, $लेखी] = $निकाल[17]['गुण']['गणित'];

आता सलीलचे विज्ञानाचे लेखी गुण मागितले तर काय होईल? 'विज्ञान' ही की त्याच्या नोंदीत नाही. पीएचपी ८.० पासून अशा वेळी वॉर्निंग मिळते (त्याआधीच्या आवृत्त्यांत ती नोटीस होती), उत्तर म्हणून नल ('काहीच नाही' दर्शवणारी व्हॅल्यू) येतो, आणि त्या नलवर पुन्हा [1] लावल्यामुळे दुसरी वॉर्निंगही येते. पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५ मध्ये, आलेले दोन प्रश्नचिन्हांचे चिन्ह यासाठी उपयोगी पडते.

$लेखी = $निकाल[23]['गुण']['विज्ञान'][1] ?? 'नोंद नाही';

मधली कोणतीही पातळी नसली तरी हे चिन्ह तक्रार न करता उजवीकडची व्हॅल्यू देते. सोय मोठी आहे, पण ती जपून वापरावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण हे चिन्ह चुकीच्या कीलाही तितक्याच शांतपणे झाकून टाकते. 'गुण' ऐवजी 'गूण' असे लिहिले गेले, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे 'नोंद नाही' येईल आणि कुठेही वॉर्निंग दिसणार नाही. जी की नसणे शक्य आहे अशाच पातळीसाठी ते वापरावे. 'गुण' ही ठरलेली की आहे, ती नसेल तर वॉर्निंग यायलाच हवी. म्हणून आधी $निकाल[23]['गुण'] एका व्हेरिएबलमध्ये घेऊन पुढचा भाग चिन्हासह वाचणे अधिक सुरक्षित आहे. शिवाय हे चिन्ह आणि व्हॅल्यू आहे का हे तपासणारे इससेट हे दोन्ही 'की नाही' आणि 'की आहे पण व्हॅल्यू नल आहे' यांत फरक करत नाहीत. तो फरक हवा असेल तेव्हा ॲरे_की_एक्झिस्ट्स वापरावे.

देवनागरी की वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीएचपी की जुळवताना बाइट पाहते, दिसणारे अक्षर नव्हे. 'ऱ' हे अक्षर एका स्वतंत्र सांकेतिक क्रमांकानेही लिहिले जाते आणि 'र' पुढे नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण ॲरेत त्या दोन वेगळ्या की ठरतात. इंटल या एक्स्टेन्शनमधला (पीएचपीच्या जोडभागातला) नॉर्मलायझर हा क्लास अशी रूपे एकसारखी करून देतो. मात्र 'ॲ' हे एकसंध अक्षर आणि 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेले तेच अक्षर युनिकोडच्या (अक्षरांना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) नियमांनुसार समतुल्य मानलेले नाहीत, त्यामुळे तिथे नॉर्मलायझरचाही उपयोग होत नाही आणि बदल स्वतःच करून घ्यावा लागतो. बाहेरून येणारा मजकूर की म्हणून वापरण्यापूर्वी ही सफाई केली तर पुढचा शोध वाचतो.

कीच्या बाबतीत पीएचपी काही रूपांतरे स्वतःहून करते. '17' ही स्ट्रिंग की म्हणून दिली तर ती 17 हा पूर्णांक होते, पण '07' मात्र स्ट्रिंगच राहते. शून्याने सुरू होणारे क्रमांक वापरत असाल तर ते सर्वत्र स्ट्रिंग म्हणूनच वापरले जातील याची खात्री करावी.

लिहिणे आणि लूपमधून बदलणे

नेस्टेड ॲरेत लिहिताना मधल्या पातळ्या आधी तयार कराव्या लागत नाहीत.

$निकाल[23]['गुण']['विज्ञान'] = [14, 50];

पण हीच सवलत घातकही ठरते. 23 ऐवजी चुकून 32 लिहिले गेले, तर पीएचपी कोणतीही वॉर्निंग न देता 32 क्रमांकाची नवी नोंद तयार करते, जिच्यात 'गुण' आहे पण 'नाव' नाही. मग नाव छापणारा दूरचा कोड अडखळतो आणि चूक तिथेच असल्याचा भास होतो. जुन्या नोंदीत भर घालायची असेल, तर ती नोंद अस्तित्वात आहे हे आधी तपासावे.

लूपसाठी फॉरईच वापरावा आणि प्रत्येक पातळीवर व्हेरिएबलला त्या पातळीचे नाव द्यावे: बाहेरच्या लूपमध्ये $क्रमांक आणि $विद्यार्थी, तर $विद्यार्थी['गुण'] वर फिरणाऱ्या आतल्या लूपमध्ये $विषय आणि $गुण. दोन्हीकडे एकाक्षरी नावे दिली तर आपण कोणत्या पातळीवर आहोत हे कोडवरून कळेनासे होते.

लूपमध्ये मिळणारा $विद्यार्थी ही मूळ नोंदीची प्रत असते. त्यात 'एकूण' अशी की वाढवली तरी लूप संपल्यावर $निकाल जसाच्या तसा राहतो. यावर उपाय म्हणून अनेक जण व्हेरिएबलच्या आधी '&' हे चिन्ह लावून रेफरन्स (प्रत नव्हे, तर मूळ जागेलाच दिलेले दुसरे नाव) घेतात, आणि इथेच पीएचपीतला सर्वांत फसवा दोष उद्भवतो. लूप संपल्यानंतरही $विद्यार्थी हे नाव शेवटच्या नोंदीला, म्हणजे $निकाल[23] ला, चिकटलेले राहते. समजा पुढे त्याच नावाने दुसरा, साधा लूप लिहिला. त्याच्या पहिल्या फेरीत मीराची नोंद $विद्यार्थी मध्ये ठेवली जाते. पण ते नाव 23 ला चिकटलेले असल्याने मीराची नोंद थेट सलीलच्या जागी लिहिली जाते. दुसऱ्या फेरीत 23 वाचले जाते तेव्हा तिथे मीराच असते. यादीत मीरा दोनदा दिसते, सलील नाहीसा होतो, आणि ज्या लूपमध्ये हे घडले त्यात काहीच चूक दिसत नाही.

पहिल्या लूपनंतर लगेच अनसेट वापरून ते नाव सोडवले तर हा दोष टळतो. तरीही मी रेफरन्स न घेता कीच्या मार्गाने मूळ ॲरेत लिहिणेच पसंत करतो.

$निकाल[$क्रमांक]['एकूण'] = $बेरीज;

साधा फॉरईच सुरू असताना असे लिहिणे सुरक्षित आहे, कारण लूप सुरुवातीच्या ॲरेवरच फिरत असतो.

पातळ्यांची उलटापालट

पुष्कळदा माहिती असते विद्यार्थ्यानुसार आणि हवी असते विषयानुसार. अशा वेळी वर सांगितलेल्या दोन लूपच्या आत एवढी एकच ओळ पुरते.

$विषयवार[$विषय][$क्रमांक] = $गुण[0] + $गुण[1];

परिणामी $विषयवार['गणित'] मध्ये 17 साठी 79 आणि 23 साठी 59 मिळतात. मधल्या पातळ्या आपोआप तयार होण्याचा गुण इथे खरा उपयोगी पडतो. त्यानंतर कोणत्याही विषयाची यादी मिळवण्यासाठी मूळ ॲरे पुन्हा चाळावा लागत नाही.

एका पातळीवरचा एकच स्तंभ हवा असेल, तर २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून ॲरे_कॉलम हे फंक्शन आहे. ते 'नाव' चा स्तंभ अचूक काढते, पण बाहेरच्या की टाकून देते, त्यामुळे हजेरी क्रमांकांच्या जागी 0 आणि 1 येतात. क्रमांक टिकवायचे असतील तर ॲरे_मॅपला हा एकच ॲरे द्यावा. ते फंक्शन की जपते. क्रमवारी लावतानाही हाच विवेक लागतो: यूसॉर्ट की पुसून टाकते, यूएसॉर्ट त्या राखते.

मोजणीबाबत थोडक्यात सांगायचे तर काउंट फक्त बाहेरची पातळी मोजते आणि मूळ उदाहरणासाठी 2 हे उत्तर देते. रिकर्सिव्ह (आतल्या सर्व पातळ्यांत उतरणारा) पर्याय दिला तर उत्तर 15 येते, कारण त्यात आतले ॲरे स्वतःही घटक म्हणून मोजले जातात. त्यामुळे गुणांचे आकडे किती आहेत हे त्यावरून कळत नाही.

दोन नेस्टेड ॲरे जोडणे

समजा पुरवणी निकालाचा दुसरा ॲरे त्याच रचनेत आला आहे. ॲरे_मर्ज वापरले तर पूर्णांक की नव्याने 0 पासून दिल्या जातात, म्हणजे 17 आणि 23 हे हजेरी क्रमांकच नष्ट होतात. ॲरे_मर्ज_रिकर्सिव्ह या नावावरून ते आपल्याच कामाचे वाटते, पण पूर्णांक कीबाबत त्याचे वर्तन तसेच आहे; शिवाय एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी वेगळ्या काढून जोडल्या, तरी सारखी स्ट्रिंग की आली की ते दोन्ही व्हॅल्यू एकत्र ठेवते, आणि 'नाव' ही स्ट्रिंग न राहता दोन नावांचा ॲरे होऊन बसते. अधिकाचे चिन्ह की राखते, पण फक्त बाहेरच्या पातळीवर. क्रमांक दोन्हीकडे असेल तर पहिल्या ॲरेतली नोंद ठेवून दुसरी पूर्णपणे सोडून देते.

आपल्या रचनेला जवळचे आहे ते ॲरे_रिप्लेस_रिकर्सिव्ह. ते सर्व की राखते आणि प्रत्येक पातळीवर नवी व्हॅल्यू जुन्या जागी ठेवते. मात्र याद्यांनाही ते स्थानानुसारच बदलते. जुनी जोडी [18, 61] आणि नवी यादी [20] असेल तर निकाल [20, 61] असा येतो, केवळ [20] नव्हे. जिथे यादी संपूर्ण बदलणे अपेक्षित आहे तिथे या फंक्शनवर विसंबू नये. दोन लूप लिहून 'गुण' च्या पातळीवर स्वतः नेमणूक करावी. चार ओळी जास्त लागतात, पण कोणत्या पातळीवर काय जिंकते हे कोडमध्ये लेखी राहते.

खोली माहीत नसेल तेव्हा

पातळ्या किती आहेत हे आधी ठाऊक नसेल, तर स्वतःला हाक मारणारे फंक्शन लिहावे. त्याला ॲरे आणि तिथपर्यंतचा मार्ग असे दोन घटक द्यावेत. व्हॅल्यू ॲरे आहे का हे इज_ॲरेने तपासावे. असेल तर मार्गात की जोडून तेच फंक्शन पुन्हा बोलवावे, नसेल तर व्हॅल्यू हाताळावी. तयार ॲरे_वॉक_रिकर्सिव्ह फक्त टोकाच्या व्हॅल्यूंपाशी जाते आणि त्यांची शेवटची कीच देते. आपल्या उदाहरणात ते 61 बरोबर केवळ 1 सांगेल. हे गुण कोणाचे आणि कोणत्या विषयाचे हे त्यातून कळणार नाही.

जेसनमध्ये जाताना आणि येताना

जेसन हे माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याचे एक स्वरूप आहे. ते वाचणाऱ्या जेसन_डिकोडला दुसरा घटक म्हणून ट्रू दिला तर ऑब्जेक्टऐवजी ॲरे मिळतात. उलट दिशेने जाताना, की 0 पासून सलग असतील तरच यादी तयार होते, अन्यथा ऑब्जेक्ट. ॲरे_फिल्टरने मधले घटक वगळले तर की तशाच राहतात आणि कालपर्यंत यादी म्हणून जाणारी माहिती आज ऑब्जेक्ट म्हणून जाते. त्यावर ॲरे_व्हॅल्यूज लावून की पुन्हा सलग कराव्यात. रिकाम्या ॲरेबाबत उलट घडते: 'गुण' मध्ये एकही विषय नसेल तर ऑब्जेक्टच्या जागी रिकामी यादी जाते, म्हणून तिथे तो ॲरे ऑब्जेक्टमध्ये बदलूनच पाठवावा.

खोल ॲरे डोळ्यांखालून घालण्यासाठीही जेसन उपयोगी आहे, पण जेसन_एनकोड मराठी अक्षरांच्या जागी सांकेतिक क्रमांक छापते. जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड आणि जेसन_प्रेटी_प्रिंट हे दोन पर्याय एकत्र दिले तर अक्षरे अक्षरांसारखी दिसतात आणि प्रत्येक पातळी आत सरकवून छापली जाते.

तोच ॲरे तीन-चार फंक्शनांतून फिरू लागला आणि प्रत्येकात 'नाव' व 'गुण' आहेत का हे तपासावे लागू लागले, तर ठरलेल्या कींची पातळी क्लासमध्ये (ठरलेल्या रचनेच्या साच्यात) हलवावी. पीएचपी ८.० पासून कन्स्ट्रक्टरमध्येच (नोंद तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्येच) प्रॉपर्टी, म्हणजे क्लासमधली व्हेरिएबल्स, घोषित करता येत असल्याने असा क्लास मोजक्या ओळींत होतो, आणि प्रॉपर्टीला टाइप दिलेला असल्याने नाव नसलेली नोंद तयार होण्याच्या क्षणीच अडवली जाते. हजेरी क्रमांक आणि विषय या पातळ्या मात्र ॲरेच राहू द्याव्यात.