कचऱ्यापासून वीज: प्रकल्पाची फाइल पहिल्यांदा हातात आली की

पर्यावरण सल्लागार कंपनीत रुजू झालात की कचऱ्यापासून विजेच्या प्रकल्पाची फाइल कधी ना कधी टेबलावर येणारच. नवखे बहुतेक चिमणीपासून वाचायला लागतात. मी सांगेन, आधी कचरा बघा.

२००६च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी देणारं राज्याचं प्राधिकरण वेगळं, आणि हवा-पाणी कायद्यांखाली संमती देणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळं. २०२४पर्यंत मंडळाची संमती दोनदा लागायची, उभारणीआधी आणि चालू करण्याआधी; पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला आता उभारणीआधीची वेगळी लागत नाही. मंजुऱ्यांच्या सरकारी 'परिवेश' पोर्टलवरची, प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं वाचत गेलात की बाकीचं सरावाने कळतं.

खरी मेख उष्मांकात, म्हणजे कचरा जाळल्यावर किती उष्णता मिळते यात. किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांकाचा कचरा भरावभूमीवर न टाकता ऊर्जेसाठी वापरा, असं २०१६च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. आपल्याकडे मात्र ओलं-सुकं एकत्र, वर जुलैचा पाऊस. ईआयएच्या पायाभूत नोंदी (प्रकल्पाआधीची हवा-पाण्याची स्थिती) पावसाळा सोडून एका हंगामाच्या चालतात. कचऱ्याचे नमुनेही त्याच सपाट्यात एप्रिल-मेमध्ये उरकले, तर कागदावर भट्टी झकास पेटते! म्हणून तक्त्यात नमुन्याची तारीख आणि ओलाव्याचा रकाना आधी शोधा. दुय्यम ज्वलनकक्षात ९५० अंश तापमान आणि वायू तिथे किमान २ सेकंद, ही अट श्रावणातल्या कचऱ्यावर पाळायला जोडइंधन किती लागेल, हे तज्ज्ञ समितीने विचारण्याआधी आपणच विचारलेलं बरं.

डायॉक्सिन म्हणजे कचरा जाळताना तयार होणारी विषारी संयुगं; त्यांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. धूळ, सल्फर डायऑक्साइड यांचे आकडे ऑनलाइन दिसत राहतात. डायॉक्सिनसाठी मात्र चिमणीतून ६ ते ८ तास नमुना ओढून प्रयोगशाळेत धाडावा लागतो. तेव्हा संमतीपत्रात 'मर्यादेत ठेवावे' एवढंच आहे, की किती महिन्यांनी आणि कुणी मोजायचं तेही आहे, हे पाहा. राखेचंही तसंच. जड धातू मर्यादेबाहेर गेले की ती घातक कचऱ्याच्या केंद्रात, म्हणजे तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी न्यावी लागते. तो खर्च अहवालात कुठे धरलाय?

जाहीर सुनावणी असेल तर जाच. किमान ३० दिवस आधी नोटीस निघते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. लोक नॅनोग्रॅम विचारत नाहीत. वास, ट्रकची वर्दळ, जुना कचऱ्याचा डोंगर कधी हलणार, असं विचारतात. तो प्रत्येक मुद्दा कार्यवृत्तात येतो आणि अंतिम अहवालात त्याला उत्तर द्यावं लागतं. 'नियमानुसार कार्यवाही केली जाईल' हे उत्तर नव्हे. ती उत्तरं लिहायचं काम बहुधा ज्युनिअरकडेच येतं, तेव्हा वही घेऊन बसा.